बारकोड स्कॅन करून कागदपत्रात मजकूर भरता येईल का? (मनगट वाचवा मोहीम)

टंकनिका (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल घालत नाही.

माझं काम यंत्रांच्या तपासणीचे अहवाल टंकायचं. रोज पंचवीस-तीस. प्रत्येकात यंत्राचा क्रमांक, बदललेल्या सुट्या भागांचे क्रमांक, आणि मग तेच ते परिच्छेद. "तपासणीच्या वेळी यंत्र बंद स्थितीत होते व वीजपुरवठा खंडित केलेला होता", या चालीवरचे ठरलेले चाळीसेक परिच्छेद आहेत, सगळे मराठीत. संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागतं.

परवा कपाटात एक पडीक बारकोड स्कॅनर सापडला, यूएसबीचा. गंमत म्हणून जोडला. वर्ड उघडंच होतं. समोरच्या खोक्यावर धरून बटण दाबलं तर टुक् आवाज आला आणि आकडा थेट कागदात! ड्रायव्हर नाही, सीडी नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय: चाळीस परिच्छेदांचे चाळीस बारकोड छापून समोर चिकटवले तर? हवा त्यावर स्कॅनर धरायचा, परिच्छेद हजर.

कुणी केलंय का हे? चालतं का? की मला वेड लागलंय?

आळशी_उंट

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. पहिल्या दोन्हींसाठी खुर्ची ओढून बसतोय.

कीबोर्डकाका

वेडबिड काही नाही. त्यामागचं गौडबंगाल एवढंच की संगणकाच्या लेखी तो स्कॅनर नाहीच, तो दुसरा कीबोर्ड आहे. जोडल्या जोडल्या तो 'मी कीबोर्ड' म्हणूनच ओळख सांगतो. रेघा वाचून अक्षरं कोणती हे स्कॅनर आपल्या पोटातच ठरवतो आणि मग एकेक कळ दाबल्याचं संगणकाला कळवतो. म्हणून ड्रायव्हर लागत नाही आणि म्हणूनच कर्सर असेल तिथे मजकूर पडतो. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, पासवर्डचा चौकोन, त्याला सगळं सारखंच.

यूएसबी यायच्या आधी स्कॅनरची वायर खरोखरच कीबोर्ड आणि संगणक यांच्या मधे घालावी लागायची. त्यावरून 'कीबोर्ड वेज' हे नाव पडलं. वेज म्हणजे पाचर. त्या पाचरी मारायला टेबलांखाली शिरून शिरून माझी कंबर गेली, ते असो.

आता दोन गोष्टी तपासा. स्कॅन झाल्यावर तो शेवटी एंटर मारतो का? बरेचसे मारतात. वाक्याच्या मधे क्रमांक घालायचा असेल तर तो एंटर घात करतो. तो काढता येतो, किंवा त्या जागी टॅब नाहीतर स्पेस ठेवता येते. आणि हे बदल कुठल्याही मेनूत सापडणार नाहीत. स्कॅनरच्या पुस्तिकेतच बारकोड छापलेले असतात: 'सेटिंग सुरू', 'शेवटी टॅब', 'सेटिंग पूर्ण'. ते ओळीने स्कॅन मारायचे. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल क्रमांकावरून नेटवर मिळते.

रेघोट्या

काकांच्या पोटी एक पुरवणी. त्या पुस्तिकेचं पान भिंतीवर लावू नका. आमच्याकडे लावलं होतं. एका उत्साही मित्राने 'हा काय करतो बघू' म्हणून फॅक्टरी रीसेटचा बारकोड टिपला आणि दोन दिवस सगळ्या नोंदी एकाच ओळीत, एकमेकींना चिकटून पडत राहिल्या. मूळ सेटिंगमध्ये एंटर नव्हता!

खटका

मला हे सगळं द्राविडी प्राणायाम वाटतंय. वर्डमध्ये ऑटोकरेक्ट आहे. 'तबं' टंकून स्पेस दिली की 'तपासणीच्या वेळी यंत्र बंद स्थितीत होते...' असं आख्खं येईल, ही सोय करायला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी बारकोड छापा, ते शोधा, स्कॅनर उचला, नेम धरा, पुन्हा खाली ठेवा, कीबोर्डवर हात आणा... तेवढ्यात मी तीन परिच्छेद टाकलेले असतील. हौस म्हणून करा, पण मनगटाचं नाव पुढे करू नका. स्कॅनर हलका नसतो आणि त्याचा खटकासुद्धा मनगटानेच ओढायचा असतो.

टंकनिका

खटका, चाळीस लघुरूपं लक्षात कोण ठेवणार? माझं डोकं म्हणजे काय...

बरं, प्रयोग केला. कोड ३९ या जातीच्या बारकोडचा फॉण्ट उतरवून घेतला आणि 'पॅरा' या अर्थी रोमन मोठ्या लिपीत चार अक्षरं घातली: पी, ए, आर, ए. छापून स्कॅन मारला.

पहिल्यांदा स्कॅनर मुकाच. मग कळलं की कोड ३९ ला दोन्ही टोकांना तारा लागतो, म्हणजे *पीएआरए* असं. तारे टाकले, तर वर्डने त्यांचा अर्थ 'ठळक करा' असा घेतला, तारे गिळले आणि अक्षरं ठळक करून दिली! ती ऑटोफॉरमॅटची खूण काढली. पुन्हा छापलं. या वेळी स्कॅनर टुक् वाजला आणि कागदात उमटलं:

झओईओ

हे काय आहे?

आळशी_उंट

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मोहेंजोदडोची लिपी लागली एकदाची.

शून्य_एक

टंकनिका, तुमचा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांची एक ठरलेली कळमांडणी) आहे आणि स्कॅन करताना तो चालू होता. बरोबर?

काका म्हणाले ते शब्दशः खरं आहे: स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतो. यूएसबी कीबोर्डच्या भाषेत प्रत्येक कळेला एक क्रमांक असतो. 'ए'च्या कळेचा ४, 'बी'च्या कळेचा ५, असे पुढे. त्या कळेवर कोणतं अक्षर उमटवायचं हे संगणक ठरवतो, आणि तेही त्या घटकेला जो लेआउट (कळांची मांडणी) चालू असेल त्यावरून. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून पी म्हणजे झ, ए म्हणजे ओ, आर म्हणजे ई. झ-ओ-ई-ओ. स्कॅनरने काम चोख केलंय.

हे दुखणं फक्त आपलं नाही. फ्रेंच लेआउटवर वरच्या ओळीतले आकडे शिफ्टशिवाय येत नाहीत, त्यामुळे अमेरिकन सेटिंगचा स्कॅनर १ च्या जागी & उमटवतो. जर्मनवर वाय आणि झेड यांची अदलाबदल होते. कॅप्सलॉक चालू राहिला तर लहान-मोठी लिपी उलटते. बारकोड हे वाचायचं तंत्र आहे, टंकायच्या भानगडी सगळ्या कीबोर्डाच्या.

मधला_मार्ग

मग क्यूआर कोड वापरा ना! त्यात मराठी मजकूर थेट बसतो. मी फोनवर केलाय, व्यवस्थित दिसतो.

शून्य_एक

फोनवर दिसतो, कारण फोन आतला मजकूर मजकूर म्हणूनच दाखवतो. तोच क्यूआर कीबोर्ड बनलेल्या स्कॅनरने वाचला की पंचाईत. 'क' पाठवायला त्याच्याकडे कळच नाही. बहुतेक स्कॅनर अशा वेळी प्रश्नचिन्हं, भलतीच चिन्हं किंवा काहीच पाठवत नाहीत. काही स्कॅनरना आल्ट धरून आकड्यांच्या कळांनी अक्षर घालायची युक्ती येते, पण ती रोमन अक्षरांपुरतीच धड चालते. वर्डमध्ये ०९१५ हा युनिकोड क्रमांक रोमन आकड्यांत टंकून आल्ट आणि एक्स दाबलं की 'क' होतो हे खरं, पण एकेका अक्षराला एवढा उपद्व्याप म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

शिवाय आकार बघा. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी चिन्हं. 'स्थितीत' या एका शब्दात स, ्, थ, ि, त, ी, त अशी सात, म्हणजे २१ बाइट. अडीचशे चिन्हांचा परिच्छेद सातशे बाइटच्या पुढेमागे जातो. सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्ये २९५३ बाइट मावतात, त्यामुळे मावायचा प्रश्न नाही; पण सातशे बाइटसाठी एका बाजूला नव्वदेक घरांचा चौकोन लागतो. असे चाळीस एका कागदावर छापले तर मुंग्यांचं वारूळ दिसेल.

मधला_मार्ग

माघार. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

नमुनापेटी

मी प्रयोगशाळेत काम करते. खटका यांच्या 'तेवढ्यात मी तीन परिच्छेद टाकेन' याला उत्तर द्यायचंय.

माझ्या हातात मोजे असतात. एका हातात नमुन्याची नळी. नळीवर बारकोडची चिठ्ठी. इथे कीबोर्डला हात लावायचाच नाहीये. स्कॅनर स्टॅण्डवर उभा आहे, नळी त्याच्यापुढून नेली की क्रमांक नोंदवहीच्या फाइलीत. स्टॅण्डवरचा स्कॅनर समोर कोड आला की आपोआप वाचतो, खटका ओढावा लागत नाही. मनगटाचाही प्रश्न मिटला. आणि नोंदीच्या शेवटी लागणारे 'नमुना स्वीकारला', 'नमुना नाकारला: अपुरे प्रमाण' असे सहा-सात शेरे मी टेबलाच्या कडेला बारकोड करून चिकटवलेत. क्रमांक, शेरा, संपलं.

पण हेही सांगते: रिपोर्टमधलं लांब निरीक्षण मी टंकतेच. जे हातातल्या वस्तूवर लिहिलेलं आहे ते स्कॅन करावं, जे डोक्यात आहे ते टंकावं. टंकनिकाताई दोन्ही एकाच चिमट्यात पकडायला बघताहेत, घोळ तिथे आहे असं मला वाटतं.

खटका

हे पटलं. मोज्यांचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. माझा आक्षेप परिच्छेदांपुरता उरला.

ग्रंथपाल_सात

नमुनापेटी यांना +१. आमच्या ग्रंथालयात पुस्तक दाखल करताना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) कधीच टंकत नाही. मागच्या कव्हरावरचा ९७८ ने सुरू होणारा बारकोड म्हणजे तोच आयएसबीएन. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन अधिकृतपणे तेरा अंकी झाला, तेव्हापासून दोन्ही आकडे तंतोतंत एक.

स्कॅनिंगचा खरा फायदा वेगापेक्षा अचूकतेत आहे. तेरा अंकांतला शेवटचा अंक तपासणीचा असतो. पहिल्या बारांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते म्हणजे तेरावा. १२३४५६७८९०१२ घ्या: विषम जागांची बेरीज २६, सम जागांची २२, तिची तिप्पट ६६, एकूण ९२, शंभराला ८ कमी. तेरावा अंक ८. एखादा अंक चुकला तर हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर गप्प बसतो. हाताने टंकताना आपण गप्प बसत नाही, पुढे जातो.

तिरकी_रेघ

एक खुसपट. शेजारच्या अंकांची अदलाबदल या हिशेबात नेहमीच सापडते असं नाही. १ आणि ६ शेजारी असतील आणि ६१ टंकलं तर फरक ५ चा, वजनांतला फरक २ चा, गुणाकार १०. बेरीज दहानेच बदलली, तपासणीचा अंक तोच राहिला. २ आणि ७, ३ आणि ८ यांचंही तसंच. अर्थात हा हाताने टंकणाऱ्यांचा धोका. स्कॅनर अंकांची अदलाबदल करत नाही.

ग्रंथपाल_सात

खुसपट मान्य, आणि आवडलं.

अवांतर: एक्सेलमध्ये स्कॅन करणाऱ्यांनी रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर पुढची शून्यं उडतात, तेरा अंकी आकडा अरुंद रकान्यात ९.७८ई+१२ असा दिसतो, आणि पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर सोळाव्यापासून पुढे सरळ शून्यं पडतात. मालाच्या खोक्यांवरचे अठरा अंकी क्रमांक असे शेकड्यांनी मातीत गेलेले मी पाहिलेत. नंतर रकाना टेक्स्ट केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत.

रेघोट्या

तुम्ही एक्सेलचं सांगितलंत, आता वर्डचं ऐका. औषधांच्या खोक्यांवरचे कोड एका वर्डच्या तक्त्यात स्कॅन करत होतो. इंग्रजी लेआउट, एंटरऐवजी टॅब, सगळं नीट. पण दर दोन-चार स्कॅनमागे अक्षरं मोठी व्हायला लागली. अकराची बारा, बाराची तेरा. तासाभराने तक्ता तीन पानांवर आणि अक्षरं लग्नाच्या फलकासारखी. व्हायरस म्हणून मी संगणक दोनदा तपासला.

निदान झालं ते असं: त्या कोडमध्ये माहितीचे तुकडे वेगळे करायला एक न दिसणारं चिन्ह असतं, आस्की या संगणकी चिन्हयादीतलं २९ क्रमांकाचं. कीबोर्डवर त्याची कळ नाही, म्हणून स्कॅनर ते कंट्रोल आणि चौकोनी कंस असं दाबून पाठवतो. आणि वर्डमध्ये कंट्रोल + ] म्हणजे 'अक्षर एक पॉइंटने मोठं करा'!

आळशी_उंट

स्कॅनरला चष्मा लागला असेल.

उंबरठा

रेघोट्या, याचाच भाऊ ब्राउझरमध्ये भेटतो. स्कॅनर शेवटी लाइनफीड पाठवत असेल तर तो कंट्रोल + जे होतो आणि क्रोममध्ये दर स्कॅनला डाउनलोडची खिडकी उघडते. पुष्कळ लोक यात डोकं फोडून घेतात. इलाज तोच, पुस्तिकेतला शेवटच्या चिन्हाचा बारकोड.

पण यात विनोदाच्या पलीकडचं काही आहे. कोड १२८ या जातीच्या बारकोडमध्ये आस्कीची सगळी १२८ चिन्हं बसतात, कंट्रोलवाली धरून. म्हणजे अनोळखी बारकोड स्कॅन करणं हे अनोळखी माणसाच्या हातात आपला कीबोर्ड देण्यासारखं आहे. २०१५ मध्ये टोकियोच्या पॅकसेक परिषदेत 'बॅडबारकोड' नावाने हे करून दाखवलं होतं: नुसते छापील बारकोड दाखवून संगणकावर आज्ञा चालवल्या. तुमच्या स्कॅनरच्या पुस्तिकेत कंट्रोल चिन्हं बंद करायचा कोड असेल तर गरज नसताना तो बंदच ठेवा.

सनावळी

हे तंत्र तसं बरंच जुनं. कल्पना नॉर्मन वूडलॅण्ड आणि बर्नार्ड सिल्वर यांची. पेटंटचा अर्ज १९४९ चा, पेटंट १९५२ चं. वूडलॅण्डना मोर्सचे ठिपके-रेघा येत होत्या. मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटांनी ठिपके आणि रेघा खाली ओढल्या, आणि जाड-बारीक पट्ट्या तयार झाल्या. पेटंटमध्ये तर पट्ट्यांबरोबर गोल कडीचा नमुनाही होता, नेमबाजीच्या फळीसारखा. दुकानातला पहिला स्कॅन २६ जून १९७४, ओहायोतलं ट्रॉय, च्युइंगगमचं पाकीट. टंकनिकांचा कोड ३९ त्याच वर्षीचा. कोड १२८ आला १९८१ ला, क्यूआर १९९४ ला.

तिरकी_रेघ

बारकोड आयबीएमचा ना पण?

सनावळी

दुकानातल्या वस्तूंवर दिसतो तो यूपीसी, त्याची रेघांची रचना आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांची. मूळ कल्पना आधीची. वूडलॅण्डही आयबीएममध्येच नोकरीला होते, म्हणून ही गल्लत होते.

खटका

इतिहास छान, पण ताईंच्या चाळीस परिच्छेदांचं काय झालं?

कीबोर्डकाका

तेच सांगायला आलो. ताई, परिच्छेद बारकोडमध्ये कोंबू नका. बारकोडमध्ये फक्त किल्ली ठेवा, परिच्छेद संगणकात राहू द्या. आणि किल्ली तुम्हाला आयती मिळालीच आहे.

वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये 'झओईओख' या 'शब्दा'समोर तुमचा पहिला परिच्छेद घाला. बारकोडात रोमन पीएआरएके. तो इनस्क्रिप्टवर झओईओख असाच उमटणार, दर वेळी. पुढे एमचा श होतो, सीचा ण; झओईओश दुसरा परिच्छेद, झओईओण तिसरा. मराठीत असा शब्द कुणी चुकूनही टंकणार नाही, त्यामुळे भलत्या जागी परिच्छेद फुटायची भीती नाही. स्कॅनरचा शेवटचा एंटर काढून स्पेस लावा, कारण ऑटोकरेक्ट स्पेस मिळाल्यावर जागं होतं. साध्या मजकुराला २५५ चिन्हांची मर्यादा आहे. मोठे परिच्छेद आधी निवडून 'फॉरमॅटेड टेक्स्ट' म्हणून साठवले की ती अडत नाही.

आळशी_उंट

म्हणजे झओईओ हा आता अधिकृत शब्द! कोशात घ्या कुणीतरी.

खटका

काका, हे डोकं भारी आहे. माझंच ऑटोकरेक्ट, पण लघुरूपं भिंतीवर. आक्षेप मागे घेतो. अर्धा.

टंकनिका

काका __/\__

आज दिवसभर केलं. चाललं! सुरुवातीला तीन कोड काही केल्या वाचले जात नव्हते. कागद चकचकीत प्लास्टिकमध्ये घालून आणला होता, स्कॅनर अगदी समोरून धरला की नुसती चमक. थोडा तिरका धरला की वाचतो. आणि जागा वाचवायला मी कोड एकमेकांना खेटून छापले होते, तेही नडलं.

एक अडचण मात्र उरलीच. मराठी लेआउट चालू असताना परिच्छेद झकास येतात, पण सुट्या भागांचे क्रमांक रोमन अक्षरांत आहेत. ते स्कॅन केले की पुन्हा मोहेंजोदडो. दर वेळी विण्डोज + स्पेस मारून भाषा बदलावी लागते आणि हमखास विसरायला होतं.

शून्य_एक

दोन्ही बाजूंना कोरी जागा हवी, सगळ्यात बारीक रेघेच्या दहापट तरी. तिथेच स्कॅनरला कळतं की कोड सुरू झाला. आणि लाल शाईत छापू नका. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात.

उरलेल्या अडचणीवर उतारा: स्कॅनरला कीबोर्ड राहूच देऊ नका. बऱ्याच स्कॅनरच्या पुस्तिकेत 'व्हर्च्युअल कॉम पोर्ट' असा बारकोड असतो. तो टिपला की स्कॅनर कळा दाबायचं सोडतो आणि नुसती अक्षरं एका पोर्टवर पाठवतो. मग पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिचं पोर्ट वाचायचं पायसिरियल हे साधन वापरून वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम तो पोर्ट ऐकत बसेल: आलेला मजकूर यादीतली किल्ली असेल तर तिचा परिच्छेद, नसेल तर जसाच्या तसा क्रमांक, क्लिपबोर्डवर ठेवायचा आणि कंट्रोल + व्ही. लेआउट कोणताही असो, फरक पडत नाही. ऑटोकरेक्टही लागत नाही, आणि उंबरठा म्हणतात तो धोकाही बराचसा कमी होतो, कारण कंट्रोलची चिन्हं आली तर प्रोग्रॅम गाळू शकतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लिहून देतो.

नमुनापेटी

मलाही हवा आहे तो प्रोग्रॅम. आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर दूरून चालतं आणि स्कॅनर इतक्या भरभर कळा दाबतो की मधलीच अक्षरं गळतात. सध्या पुस्तिकेतून दोन कळांमधलं अंतर वाढवून भागवतेय.

टंकनिका

आठवड्याने परत आले. शून्य_एक यांचा प्रोग्रॅम चालतोय. यंत्रावरच्या पाटीचा क्रमांक, भागांचे क्रमांक, परिच्छेद, सगळं एकाच बंदुकीने.

खटका यांच्यासाठी खास: चाळीसपैकी चौदाच परिच्छेद भिंतीवर उरलेत. बाकीचे शोधण्यात जेवढा वेळ जायचा तेवढ्यात टंकून होत होते. सर्वांत जास्त लागणाऱ्या सहांची लघुरूपं आपोआप पाठ झाली, त्यांनाही आता स्कॅनर उचलत नाही. म्हणजे परिच्छेदांच्या बाबतीत तुम्ही बरेचसे बरोबर होतात. क्रमांकांच्या बाबतीत नाही. पूर्वी आठवड्याला दोन-तीन अहवाल चुकीच्या क्रमांकापायी परत यायचे, या आठवड्यात एकही नाही. मनगट थोडं बरं आहे.

आता नवी तक्रार शेजारच्या टेबलाची. दिवसभर टुक् टुक् ऐकून ते वैतागलेत. आवाज बंद करायचा बारकोड कोणत्या पानावर असतो?

खटका

'बरेचसे बरोबर' फ्रेम करून लावतोय.

कीबोर्डकाका

बीपर व्हॉल्यूम नावाच्या पानावर. पण बंद करू नका ताई, कमी करा. स्कॅन झाला की नाही हे कळायला तेवढी एकच खूण आहे. नजर कागदावर असताना टुक् झालं नाही तर आपण पुन्हा बटण दाबतो, आणि झालेलं असूनही ऐकू आलं नाही तर एकच भाग अहवालात दोनदा लागतो.

आळशी_उंट

शेजारच्यांना सांगा, झओईओ.